मुद्देमाल क्रमांक तीन

रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर रांगेत मांडलेले आम्ही चौदा जण. पोलिसांची दारावर थाप पडली ती या वेळी.

त्या चौदांतला तिसरा मी बोलतोय. जुन्या लष्करी पिस्तुलाचा हुबेहूब नमुना. कारखान्यात जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेला, एका बाईच्या चपळ बोटांनी स्क्रू पिळून बंद केलेला. वजन अस्सलाइतकंच. घोडा ओढला की 'खट्' वाजतो. नळी मात्र बोटाच्या पेराएवढीच पोकळ, पुढे सगळा भरीव धातू. माझ्यातून गोळी काय, मुंगीसुद्धा पलीकडे जायची नाही.

माझा मालक शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. सव्वीस वर्षं पोरांच्या परीक्षानळ्या धुतल्या त्याने. एखादी वस्तू आत कशी जुळवलीय, याचं त्याला वेड. मारामारीचं नाही; घरात उंदीर निघाला तर खुर्चीवर चढून बायकोला हाक मारणारा माणूस तो. दर रविवारी ब्रशने आमची धूळ झटकायचा, तेलाचा थेंब सोडायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "काय बसवलंय बघ." बायको आम्हाला 'माझ्या चौदा सवती' म्हणायची, पण कपाटाची काच तीच पुसायची.

चूक त्याची एकच. त्याने आमची वही ठेवली होती, असा संग्रह करणारे ठेवतात तशी. अस्सल हत्याराचं नाव, गोळीचा व्यास, बनावटीचं साल, 'अवस्था उत्तम'. 'नक्कल' हा शब्द अख्ख्या वहीत नव्हता. तो लिहिणं त्याला आमचा अपमान वाटे.

आदल्या दिवशी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आमचं कपाट बघून हातातला पाना तिथेच टाकून पळाला होता. त्याला मी दोष देत नाही. अस्सल दिसणं हेच तर माझं काम. पण आलेले साहेब जाणते होते. त्यांनी मला उचललं, तळहातावर तोललं, आणि नळीत डोकावायचं सोडून वही उघडली.

"अक्षर तुमचंच?"

"हो."

"मग ही खेळणी आहेत असं यात कुठे लिहिलंय?"

बायको मधे पडली. नळी बंद आहे, पेन्सिल घालून बघा, असं तिने दोनदा सांगितलं. तिला बाजूला उभं केलं.

मालकाने चष्मा काढून पुसला. "मी यांना खेळणी म्हणत नाही, साहेब."

"अहो, आज तरी म्हणा," ती म्हणाली.

मग तो म्हणाला. तीन वेळा म्हणाला. तोवर वही पिशवीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा: शाळेच्या कर्मचाऱ्याकडे शस्त्रसाठा. लिहिणाऱ्याने ना मला पाहिलं, ना त्याला एक प्रश्न विचारला. त्याच कात्रणाच्या आधारावर शाळेने त्याला घरी बसवलं. तपासणीत काही निघालं नाही तर परत घेऊ, असं पत्रात लिहिलं. चार दिवसांनी तो जामिनावर सुटला.

मी आता पोलीस ठाण्याच्या कोठारात आहे, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. तपासणीला मला शहराबाहेर नेलं, तेव्हा तिथल्या तज्ज्ञाने नळीत तार घातली. अर्धं मिनिटही लागलं नाही. त्याने लिहिलं: हे शस्त्र नव्हे, यातून काहीही झाडता येत नाही.

माझं काही मागणं नाही. हवं तर मला वितळवा, दाराच्या कड्या करा. त्याला तेवढी त्याची प्रयोगशाळा परत द्या.

अहवाल ठाण्यात पोचला त्याला सात महिने झाले. आवक वहीत नोंद आहे, नोंदीपुढे सही आहे. एक प्रत माझ्याच पिशवीला टाचलेली आहे. मालक दर सोमवारी हजेरी लावायला येतो, माझ्या भिंतीपलीकडच्या बाकावर बसतो आणि अहवाल आला का म्हणून विचारतो.

टेबलामागचा हवालदार दर सोमवारी सांगतो, "यायचाय अजून."