हातांचा साचा

"तिचं ऑफिस सांभाळ, पण स्टुडिओत जाऊ नकोस," काम सोपवताना हयात म्हणाली होती. जुनी मदतनीस जळतेय, असं म्हणून एमनाने ते हसण्यावारी नेलं. आता तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या प्लास्टरच्या टबात होते.

समोर बेया, जिला सगळे आदराने 'लल्ला' म्हणत. ट्यूनिसमधलं हे कलाकेंद्र तिनेच उभं केलेलं. कितीतरी नवख्यांच्या चित्रांना पहिली भिंत तिने दिली होती. तरी रोज सकाळी, केंद्र उघडण्याआधी, ती स्वतः शिल्प करायचीच. या वेळी तिला एका आईचे हात हवे होते, म्हणून एमनाचे. साच्याची मऊ भुकटी बंदरात अडकली, म्हणून तिने थेट प्लास्टर कालवलं. लवकर घट्ट व्हावं म्हणून वर मीठ टाकलं. एमनाला शरदातल्या प्रदर्शनात आपली रेखाटनं लागायला हवी होती. नाही म्हणणं तिला जमलं नाही.

"गरम लागतंय, लल्ला."

"लागणारच ग. प्लास्टर आहे, दही नाही."

बाबागाडीत एमनाचा लहानगा इलियेस रडायला लागला. बेयाने त्याच्या हातात बिस्किट दिलं आणि कॅमेरा उचलला.

"भाजतंय खूप. फोडा ना."

"फोडलं तर बोटांची जागा जाईल. थांब जरा. आणि चेहऱ्यावर आत्ता जे आहे ना, ते जाऊ देऊ नकोस."

एमनाने हात ओढले. प्लास्टर सोडेना. मूल रडून रडून दमलं, तेव्हा कुठे बेयाने छिन्नी घेतली. तीही कडेकडेने, साच्याला जपत चालवली.

इस्पितळात बेया मकरूदचा, खजूर भरलेल्या मिठाईचा, डबा घेऊन आली, एमनाच्या आईच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर बोटांबद्दल विचारलं की पट्टीबद्दल बोलायचे. घरी आल्यावर इलियेसच्या सदऱ्याची बटणं एमनाची आई लावू लागली. बोटं बरी होतायत हं, असं एमना त्याला रोज सांगायची.

शरदात बेयाने शब्द पाळला. दालनाच्या मधोमध ते हात, बाजूच्या भिंतीवर एमनाची रेखाटनं. बोटांतल्या ताणाचं जो तो कौतुक करत होता. आईची माया अशी शिल्पात उतरलेली पाहिली नव्हती म्हणे. इलियेसला कडेवर घेऊन एमना आपल्या चित्रांपाशी गेली. खालच्या पट्टीवर तिचं नाव होतं आणि नावाखाली बेयाने लिहवून घेतलं होतं: शेवटची रेखाटनं.

ती शेवटची आहेत, हे तिला तिथे कळलं.

तिच्या जागी आता सिरीन आहे. पोटुशी, हसरी, कामावर खूश. बेयाने या वर्षी चेहरे करायला घेतलेत. केंद्राच्या गल्लीतून जाणं झालं, तर सकाळी, केंद्र उघडण्याआधी जा. दार वाजवा. सिरीनला हाक मारा, आणि ती ओ देईपर्यंत हलू नका.