घरचं वाक्य

"नवरा एकच आहे ना तुझा? मग 'दे' कशाला? 'ही' म्हण!" इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. आदरापोटी नवऱ्याला अनेकवचनात बसवणाऱ्या कितीतरी बायकांना त्यांनी इंग्रजीत एकवचनावर आणलं होतं.

वरच्या मजल्यावरची ही नवी सून मात्र हसली नाही. महिन्याभरात ती नवऱ्याबरोबर परदेशी जायची होती. तो रोज तिला शिकवणीला आणून सोडी आणि तासभर बाहेरच्या खोलीत बसून राही. बायकोची किती काळजी, असं बाईंना वाटे.

बाईंचा एक हट्ट होता. पुस्तकातली वाक्यं चालायची नाहीत, जे सांगायचं ते आपल्या घरातलं. आज 'हू' आणि 'विच' वापरून वाक्यं जोडायची होती. ती काहीतरी पुटपुटली.

"तोंडात काय गुळणी धरलीयेस? मोठ्यानं बोल."

तिनं दाराकडे पाहिलं. "बाई, हळू बोलले तर नाही चालणार?"

"तिकडे कोण कान देऊन ऐकणार आहे तुझं? काढ आवाज!"

"द मॅन हू टुक माय फोन इज माय हजबंड," ती एका दमात म्हणाली. "द डोअर विच ही लॉक्स इज अवर डोअर."

"शाब्बास! एक चूक नाही," बाई आनंदानं ओरडल्या. मग त्यांना अर्थ कळला. बाहेर खुर्ची सरकली.

नवरा दारात उभा होता. "छान तयार केलंत हिला," तो हसून म्हणाला. "आता पुरे. चल गं."

"अहो, तास संपायचाय अजून," बाई म्हणाल्या.

"जमतंय की तिला सगळं."

त्यानं तिचं कोपर धरलं. ती मागे न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. माणसं कशी बोलतात तेवढंच आपण आयुष्यभर ऐकलं, काय बोलतात ते नाहीच, याची बाईंना विलक्षण शरम वाटली. गुडघे सांभाळत त्या जिना चढल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"आहेस का गं आत?"

"तुम्ही जा, बाई," दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "हे येतीलच आता."

बाईंनी समोरच्या घराची घंटा वाजवली आणि तिथल्या काकूंना पोलिसांना फोन लावायला सांगितलं. काकूंनी फोन लावला आणि आपलं दार आतून लावून घेतलं.

खालून बुटांचा आवाज चढत येऊ लागला. बाई त्या कुलूपबंद दाराला पाठ टेकून जमिनीवर बसल्या.