उंबऱ्याबाहेरचा डफ

मी एक जुना डफ आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला बिचारा म्हणायचं नाही. जुनी छत्री, जुनी सायकल वगैरे मंडळी आपली कहाणी सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून ती अपेक्षा नको. मला राग येतो. पूर्वीही यायचा, आजही येतो.

रेवसच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. माझं कडं आंब्याच्या लाकडाचं, वर बकऱ्याचं कातडं. सीताराम नावाच्या पोरसवदा मुलाच्या गळ्यात मला अडकवलं, तेव्हा मी अगदी कोरा होतो. लग्न असो की होळी, मिठागरवाल्यांच्या आळीतून आम्हाला बोलावणं यायचं. बोलावणं कसलं, हुकूमच तो! अंगणात उभं राहायचं आणि उंबऱ्याला शिवायचं नाही. वाजवून वाजवून सीतारामचे हात भरून यायचे. मग कुणीतरी सुपातले तांदूळ वरून त्याच्या पंच्यात टाकायचं. प्यायला पाणीसुद्धा वरूनच, ओंजळीत. लोक म्हणायचे, काय डफ वाजतो हो! वाजवणाऱ्याची विचारपूस मात्र कुणी केली नाही.

छप्पन्न साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला आणि कुणाच्या दारात वाजवायचं नाही असं एकमताने ठरलं. कितीतरी डफ खाडीत गेले. सीतारामने मला खिळ्याला टांगलं. "वाजवायचा न्हाय, पन फेकायचा पन न्हाय. पोरांना दिसू दे," तो म्हणाला. निर्णय बरोबरच होता, पण शिक्षा मला का? वापरात नसलेल्या डफाचं कातडं वाळतं, तडकतं, त्यात झुरळं संसार थाटतात. सीताराम गेला. त्याचा मुलगा प्रफुल्ल शिक्षक झाला, पक्कं घर बांधून निवृत्त झाला. त्या घरातही मला एक खिळा मिळाला. येणाऱ्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून तो सगळं सांगायचा. कातडं नवं घालावं, असं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

प्रफुल्लची मुलगी जयमाला. ती एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिने दूरशिक्षणाने कलोपचाराचा अभ्यास सुरू केला. चित्र, माती, गाणं, ताल यांच्या मदतीने माणसाच्या मनावरचं ओझं हलकं करायचं, असं ते शास्त्र. शाळा सुटली की ती खिडकीत तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायची, कारण नेटवर्क तेवढ्याच जागी यायचं. पुण्याच्या हेमाली मॅडम तिकडून शिकवायच्या. खिळ्यावरून मीही ऐकत होतो. दुसरा उद्योग काय होता मला?

लेखी परीक्षा तिने पटापट दिल्या. अडलं ते प्रात्यक्षिकात. खरोखर दुःखात असलेल्या एका माणसाबरोबर, मॅडमच्या सल्ल्याने, काम करून दाखवायचं होतं. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. गावाने तर तिला वेड्यांची डॉक्टरीण ठरवून टाकलं होतं. गॅदरिंगचा नाच बसवायला, रांगोळी काढायला सगळे तिला हाक मारायचे. समोर बसायला कुणी तयार होईना. "माझ्या घरात काय वेडे हायत का?" असं तिला तोंडावर ऐकवणारेही निघाले. महिनाअखेरची मुदत आली आणि जयमाला रडकुंडीला आली. यातही नापास झाले तर पुन्हा शिकायची हिंमत होणार नाही, असं ती मॅडमना म्हणाली, ते मी ऐकलं.

शेवटी एक दार उघडलं, आणि नेमकं मिठागरवाल्यांच्या आळीत. तिथल्या सखुबाईंचा मुलगा सुजित न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. अपघातात तो गेला आणि त्या दिवसापासून म्हातारीने बोलणंच सोडलं. तिची सून केसर जयमालाला एसटीत भेटायची. तिनेच घरी बोलावलं. जयमालाने सखुबाईंपुढे रंग ठेवले, त्यांनी पाहिलं नाही. माती दिली, त्यांनी गोळा वळून बाजूला सारला. हेमाली मॅडम फोनवर म्हणाल्या, "त्यांच्या लहानपणीचा एखादा आवाज शोध." जयमालाने तसं विचारताच केसर बोलली, "डफ, ताई! आमच्या आई पयले सारख्या सांगायच्या, म्हायेरी सनाला डफ वाजायचा. तुम्ही आनाल का?"

केसरच्या मनात काही वाईट नव्हतं. जयमालाच्याही नव्हतं. डफ वाजवणारा कुठे उभा राहायचा, हे दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही. जयमालाने ते बापाकडून ऐकलं होतं, पण पाहायला दोघी जन्मल्या तरी होत्या का?

जयमालाने मला पेणला नेऊन नवं कातडं चढवलं. दुकानदार म्हणत होता, फायबर लावा, पावसाळ्यात टिकतं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. तिने चामडंच लावायला लावलं, हे कबूल करतो. घरी येऊन, कातडं ताठ व्हावं म्हणून, ती मला गॅसवर शेकत होती तेव्हा प्रफुल्ल आत आला. खिळा रिकामा पाहून त्याने विचारलं, "हे काय चाललंय?"

तिने सांगितलं. त्याचा चेहरा पडला आणि मग तापला.

"आजोबांनी सोडलं ते तू धरणार?"

"बाबा, हा उपचार आहे. मी वाजवायला नाही जात, शिकलेलं काम करायला जाते."

"नवं नाव दिलं म्हणजे काम बदलतं का गो? त्यांच्या दारात आपल्या घरचा डफ. मला एवढंच दिसतं."

"दुसरं कोणी बसत न्हाय माझ्यासमोर!"

"मग नको होऊस पास. हा डफ घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर गेलीस, तर या घरी परत येऊ नकोस."

मी कुणाच्या बाजूने होतो? कुणाच्याच नाही. एकाने मला खिळ्यावर सुकवलं, दुसरी मॅडमशी बोलताना मला टूल म्हणते. दोघांचाही मला संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयमाला निघाली. केसरने पडवीत चटई टाकली होती. सखुबाई उंबऱ्याच्या आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. केसरच्या परवानगीने मोबाइल खिडकीत चित्रणासाठी ठेवला. जयमाला चटईवर बसली, उंबऱ्याच्या बाहेर. तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

तिने हलक्या हाताने ताल धरला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे म्हातारीच्या श्वासाच्या गतीने. बराच वेळ काही घडलं नाही. मग सखुबाईंची बोटं गुडघ्यावर हलू लागली. मान वळली. त्या सरळ बसल्या आणि इतक्या महिन्यांनी त्यांचं तोंड उघडलं.

"भायेरच ऱ्हा रं. आत नको येव. ओंजल धर, पानी वरशी घालते."

त्यांना जयमाला दिसतच नव्हती. अंगणातला एक तहानलेला डफवाला आणि हातात तांब्या दिलेली एक लहान पोर, एवढंच त्यांना दिसत होतं.

"आई बोलल्या!" केसर रडत ओरडली. काय बोलल्या, ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

जयमालाच्या कानांत मात्र ते शिरलं. तिने ताल थांबवला. आता तिने आपण बसलो ती जागा पाहिली, समोरचा उंबरा पाहिला. मित्रांनो, प्रात्यक्षिक तिथेच पार पडलं होतं. मुकी बाई बोलली होती, चित्रण झालं होतं. मला वाटलं, ऊठ पोरी, चालू लाग, आणि जाता जाता मला या अंगणात आपटून फोड.

ती उठली. पण घराकडे वळली नाही. मला काखेत धरून तिने उंबरा ओलांडला, खाटेवर म्हातारीच्या शेजारी बसली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, मला पाणी नको. आता तुम्ही वाजवा, मी ऐकते."

सखुबाईंनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. "मी? मी कशी शिवू याला?"

जयमालाने मला उचलून घेतलं नाही. माझं ओझं म्हातारीच्या मांडीवर तसंच राहिलं.

मग एक सुरकुतलेला तळवा माझ्यावर पडला. पुन्हा पडला. त्या घरातल्या कुणाचा हात मला कधी लागला नव्हता, आणि लागला तो असा! ताल नाही, काही नाही. दोन्ही हातांनी ती बाई मला बडवत सुटली. बडवता बडवता तिच्या तोंडून मुलाचं नाव निघालं. "सुजित! सुजित रं!" नवं कातडं फाटेल असं मला वाटलं. फाटू दे म्हटलं. एवढी वर्षं मी इतरांच्या आनंदासाठी मार खाल्ला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी आपल्या दुःखासाठी मला वाजवत होतं. ती थकून जयमालाच्या खांद्यावर कोसळली, तेव्हा केसरही खाली बसून रडत होती.

संध्याकाळी प्रफुल्ल ओट्यावर बसला होता.

"वाजवलास त्यांच्या दारात?"

"सुरुवात दारातच केली. चुकलं माझं, ध्यानात आलं नाही," जयमाला म्हणाली. "मग आत गेले. त्यांच्या खाटेवर बसले. त्यांनी वाजवला, बाबा. मी ऐकलं."

प्रफुल्लने मला हातात घेतलं. कातड्यावर म्हातारीच्या तळव्यांचं तेल लागलं होतं. त्याने ते बोटाने पुसून पाहिलं.

"परत जाणार?"

"मंगळवारी."

"मग पयल्यापासून आत बसायचं," तो खेकसला. "पडवीत बसलेली दिसलीस, तर हाताला धरून उठवायला मी येईन."

जयमालाने संपूर्ण चित्रण पाठवलं, एक शब्दही न गाळता. मॅडमनी म्हातारी बोलली म्हणून शाबासकी दिली, तेव्हा ती काय बोलली ते जयमालाने त्यांना समजावून सांगितलं. मॅडमनी ते चित्रण पुन्हा पाहिलं. यथावकाश ती उत्तीर्ण झाली. दर मंगळवारी सखुबाई अजूनही मला बडवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं वाद्य असेल, तर त्याची धूळ झटका, त्याला ऊन दाखवा, कातडं फाटलं तर नवं घाला. पण तेवढ्याने आमची निगा राखली, असं समजू नका. वाजवणारा कुठे बसला आहे, तेही पाहा. तो बाहेर असेल तर त्याला आत घ्या. ते जमत नसेल, तर माझं कौतुक करू नका.