हळद लागलेला झेंडा

मी झेंडा बोलतोय. फडकायला जन्मलो, पण काठीवर एकदाही चढलो नाही. सुरतेत, भेस्तानच्या एका खोलीत, पत्र्याच्या पेटीत घडी होऊन पडलो आहे.

माझं कापड कडोदऱ्याच्या मागावर विणलं गेलं. मग रंग लागला, निळा आणि पांढरा. हे रंग एका लांबच्या देशाचे. तो कुणाच्या लढाईत पडत नाही. दोघं भांडले तरी त्याचं दार दोघांना उघडं. जगभर त्याच्या वकिलाती आहेत, कॉन्सुलेटी आहेत. त्यांच्यावर लावायला आम्ही भावंडं भेस्तानच्या एका कारखान्यात शिवली जात होतो. ज्याच्या त्याच्या पिशवीवर त्याच्या शहराची चिठ्ठी.

मला शांताबाईंनी शिवलं. माझ्या चिठ्ठीवरचं नाव सुपरवायझर बाबुरावांनी वाचलं आणि बाईंचा पाय मशीनवरच थांबला. त्यांचा मुलगा महेश त्याच बंदराच्या शहरात होता. हजीऱ्यातलं काम सोडून तिकडे वेल्डिंगला गेलेला. लढाई त्या गावाजवळ येत चालली होती. आपल्या देशाची कचेरी तिथे नव्हती. गडबड झाली तर निळ्या-पांढऱ्या झेंड्याच्या दारात जमा, तिथून गाडी नेईल, असं तिथल्या आपल्या पोरांना सांगून ठेवलेलं.

शांताबाईंनी मला मांडीवर घेतलं. मशीनपाशी देवाचा फोटो आणि हळदकुंकवाचा करंडा असायचा. नवं कापड त्यांच्याकडे कोरं अंगाला लावत नाहीत. त्यांनी माझ्या पांढऱ्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं आणि आपल्या अहिराणीत पुटपुटल्या, "मना पोऱ्याकडे ध्यान ठेव, भाऊ."

मला कुणी भाऊ म्हणालं ते पहिलं आणि शेवटचं.

तपासणीच्या टेबलावर धर्मेंद्र ओरडला, "ये दाग किसने लगाया?"

बाबुराव धावत आले. "अहो शांताबाई, परदेशात जायचंय याला! बोहल्यावर चढवताय का?"

बाया हसल्या. शांताबाई मान खाली घालून घरी गेल्या.

त्या गेल्यावर जे झालं, ते त्यांना माहीत नाही. बाबुरावांनी कपाटातून एक जादा झेंडा काढला, माझ्या पिशवीत घातला, खोका बंद केला आणि पाठवला. माझ्याजागी माझा भाऊ गेला. सकाळी मला बाईंच्या अंगावर टाकत ते म्हणाले, "घ्या, तुमचा हळद लागलेला नवरदेव. मशीनवर घाला." दुसरा गेल्याचं सांगावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. माणसं रागावतात तेव्हा सगळं बोलतात. निवळल्यावरचं मात्र बोलायचं राहून जातं.

पुढे तिथे बॉम्ब पडू लागले. महेशचा फोन आला. "माय, दारले कुलूप शे. आठे कोनीज नही. झेंडा बी नही."

त्यानंतर फोन लागला नाही. त्याच रस्त्यावर बॉम्ब पडला होता. पोराचा देहही घरी आला नाही. तापीकाठी त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा जाळला.

महेशचे वडील, बळीराम, बातम्या ऐकून आले होते. बायकोला म्हणाले, "त्या कचेरीचे लोक आधीच निघी गयात. झेंडा उतारी लई गयात."

शांताबाईंना ते पटलं नाही; तिकडचा झेंडा तर त्यांच्याच पेटीत होता. नवरा कामावर गेला की त्या मला पेटीतून काढतात. तो कोपरा साबणाने घासतात. साबण लागला की हळद लालभडक होते. बाई ते बघत बसतात. "मीच तुले अडवी ठेवं," मला म्हणतात. "तू तठे ऱ्हाता तर मना पोऱ्याले दार सापडतं." मग पुन्हा पाणी ओततात, पिळतात आणि ओलाच अंधारात घडी घालतात. कुणी पाहू नये म्हणून.

माझ्या भावाला तिथल्या काठीवर चढवलं होतं. ज्यांनी चढवलं त्यांनीच उतरवलं आणि दाराला कुलूप घातलं. कुणाच्याच बाजूने नसणारं ते दार, वेळ आली तेव्हा महेशच्याही बाजूने उरलं नाही. त्यात हळदीचा काय दोष? पण मला तोंड नाही.

भेस्तानकडे कधी गेलात तर शांताबाईंना सांगा, खोका रिकामा गेला नव्हता. आणि मला एकदा दोरीवर टाकायला सांगा. हळद साबणाला दाद देत नाही, पण दोन-चार दिवसांच्या उन्हात आपोआप उडून जाते. हे त्यांनाही ठाऊक आहे.

म्हणूनच त्या मला उन्हात टाकत नाहीत.