टांझानियासाठी वीस अंगठे

बद्रीनाथ एम.फिल. करत होता, तेही टांझानियाच्या ग्रामविकास धोरणावर. टांझानिया त्यानं फक्त नकाशात पाहिला होता. भोकरदनपलीकडच्या त्याच्या गावात कुणी विचारलंच, तर 'शेतीचं शिकतो' म्हणून तो मोकळा व्हायचा.

१९९६च्या उन्हाळ्यात सरांनी फर्मान काढलं. प्रश्नावली तिकडं धाडण्याआधी स्वतःच्या गावात तपासून बघ. सोमवारी वीस भरलेले फॉर्म टेबलावर आले नाहीत, तर शिष्यवृत्तीच्या शिफारशीवर सही नाही.

शनिवारी तो घरोघर फिरला. पण गावाची रीत पक्की होती. कागद आला की आधी अंगठा, मग चहा. विचारायचं कुणी कुणाला काही नाही. अंगठा नको, तुमचं मत सांगा, म्हटल्यावर लोक बिथरले. जिला अंगठा लागत नाही ती योजनाच खोटी, असं चहाच्या हॉटेलवाल्या संपतनं जाहीर करून टाकलं. शेवटी हात टेकून बद्रीनाथनं शाईचं पॅड आणलं. अर्ध्या तासात वीस अंगठे झाले.

उत्तरं त्यानं रविवारी घरी बसून स्वतःच भरली. न विचारता लोकांचं मत लिहिणाऱ्या टांझानियातल्या साहेबांची त्यानं प्रबंधात चाळीस पानं खरडपट्टी काढली होती. ती पानं त्यानं त्या दिवशी उघडली नाहीत. लाज वाटत होती, पण शिष्यवृत्ती गेली तर शिक्षणच संपत होतं.

सोमवारी सकाळी तो फाट्यावर गाडीची वाट बघत होता. शेजारच्या गोजरबाई टोपलं घेऊन रानात निघाल्या होत्या. त्याच्या हातातले कागद पाहून त्या थांबल्या आणि माझा कागद वाचून दाखव म्हणाल्या.

त्यानं चाचरत वाचलं. गोजरबाई ग्रामसभेला नेमानं जातात, तिथं मत मांडतात आणि पाण्याच्या कामाबद्दल समाधानी आहेत.

गोजरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं बोलले की मी,” त्या म्हणाल्या. “कधी बोलले रे?”

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. बद्रीनाथ जागचा हलला नाही, तशी गाडी निघून गेली.

“काकू, बसा,” त्यानं पेनाचं टोपण काढलं. “खरं काय ते सांगा.”

गोजरबाईंनी टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

“तू बी नीट बस बाबा. पयल्यांदाच कुणी पुसून राह्यलंय, जल्दी न्हाई व्हायचं.”