धोंड्याच्या महिन्याची नजीर

वैशाखाची अमावास्या उलटली, त्या सकाळी केवळाबाईंनी बोचकं बांधलं आणि धाकट्याच्या, शेषेरावच्या, घरातून बाहेर पडल्या. दोन वर्षं असंच चाललं होतं. एक महिना थोरल्या भुजंगकडे, एक महिना शेषेरावकडे. मुरुडजवळच्या त्या गावात दोन्ही घरं समोरासमोर होती, मधे बैलगाडी जाईल एवढा बोळ.

केवळाबाईंना बोळ ओलांडायची घाई होती. धाकटी सून महानंदा वरण असं करी, की डाळ पळीनं शोधावी लागे. थोरल्या सिंधूकडे निदान भाकरीवर दूध पडे. त्या दुधाच्या आशेवर म्हातारीनं सगळा वैशाख ढकलला होता.

पण भुजंग दारात आडवा उभा राहिला.

"माय, यंदा ज्येष्ठ दोन हायेत. हा पयला धोंड्याचा. माझी पाळी खऱ्या ज्येष्ठाची. पुढच्या महिन्यात ये."

"दादा, माझा वैशाख काल संपला," मागून शेषेराव म्हणाला. तो औशाच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचा, त्यामुळे घरातही अर्ज वाचल्यासारखा बोलायचा. "आता म्हातारीचा ताबा तुझ्याकडं."

"माझ्याकडं लेक-जावई येऊन राहिलेत, धोंडे खायला. माय निजंल कुठं?"

"जावयाला जागा हाय अन् मायला न्हाई व्हय?" महानंदा आतून म्हणाली.

"एवढा उमाळा आलाय तर तुम्हीच ठिवा की, बाई!" सिंधूनं समोरून परतवलं.

केवळाबाई बोळातल्या दगडावर बसल्या. उन्हानं दगड तापला होता. इकडून तिकडं जाणाऱ्या चेंडूकडं पाहावं तशा त्या दोन्ही दारांकडं पाहत होत्या, आणि भुजंग आज ना उद्या नमेल असा त्यांचा हिशेब होता.

शेवटी शेषेरावनं हात वर केला. "भांडण नको. याला काही नजीर हाय का? म्हंजे आधी असं घडलं तवा काय केलं, त्याचा दाखला. माय, तुम्ही जावा-जावासुदीक आज्जीला पाळीनंच सांभाळत व्हता ना? तवा धोंडा आला तर काय केलं?"

केवळाबाईंनी झटकन मनात फेरी मारली. त्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली होती. तेव्हा भुजंग कडेवर होता, शेषेरावचा जन्मही नव्हता. जाऊ मेली होती. दीर इस्लापूरकडं गेला तो तिकडंच मातीला मिळाला. सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"ज्याचा ज्येष्ठ त्याचाच धोंडा," त्या ठासून म्हणाल्या. "ज्येष्ठ माझ्याकडं व्हता. दोन्ही महिने मीच केलं."

इथं थांबल्या असत्या तर खपून गेलं असतं. पण भुजंगचा चेहरा नमतोय असं वाटून त्यांनी आणखी एक पदर जोडला.

"न्हाऊमाखू घातलं. हातानं घास भरवला सासूला."

भुजंगनं भुवया चढवल्या. मायनं आजवर कुणाला हातानं घास भरवल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यालाही नाही.

"गुरुलिंगअप्पाला इचारू," तो म्हणाला.

शेजारचे गुरुलिंगअप्पा ऐंशीला टेकले होते, दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर आले नव्हते. केवळाबाई त्यांना मेल्यातच धरून चालल्या होत्या. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा आले, प्रश्न दोनदा ऐकला आणि खुश झाले.

"असंच भांडण लागलं व्हतं की! मग हिनंच तोड काढली." त्यांनी काठी केवळाबाईंकडं कौतुकानं रोखली. "लई हुशार बाई. म्हणली, धोंडा महिना देवाचा, कुणाच्याच पाळीत येत न्हाई. तवा म्हातारीला मारुतीच्या देवळात ठिवा अन् दोन्ही घरनं भाकर धाडा. समद्यांनी मान डोलावली."

"मग पुढं?" शेषेरावनं विचारलं.

"पुढं काय? खरा ज्येष्ठ काही म्हातारीनं पायला न्हाई."

मग भुजंगनं सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता.

"नजीर तर साफ हाय," शेषेराव म्हणाला.

बोचकं भुजंगनं उचललं, वाकळ शेषेरावनं. दोन वर्षांत दोघा भावांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. केवळाबाई मधे चालत होत्या. "अरे, मी तवा जवान व्हते रे, मला अक्कल नव्हती," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कुणी अडवलं नाही, कुणी ऐकलंही नाही.

दुपारी भुजंगच्या घराकडून पुरण आणि तळणीचा वास आला. केवळाबाई देवळाच्या खांबाला टेकून भाकरीची वाट पाहत होत्या. ही वाट कशी लांबते, ते त्यांना पाठ होतं: इकडची म्हणते तिकडून गेली असेल, तिकडची म्हणते इकडून. अडतीस वर्षांपूर्वी देवळामागच्या आडावर घागर घेऊन त्याही यायच्या आणि लांबूनच विचारायच्या, "आत्याबाई, त्यांच्याकडची भाकर आली न्हवं?" सासू रोज म्हणायची, "आली, बाई." मानी बाई. ते 'आली' ऐकलं की केवळाबाई हलक्या पावलानं घरी जायच्या.

उन्हं कलली तेव्हा सिंधू आडावर आली. घागर भरून झाल्यावर तिनं लांबूनच हाक दिली.

"आत्याबाई, त्यांच्याकडची भाकर आली न्हवं?"

केवळाबाई सासूसारख्या खुळ्या नव्हत्या. त्यांनी होता तेवढा आवाज लावला.

"न्हाई आली! कुणाचीच न्हाई आली, सिंधू!"

"मग यीलच की," सिंधू म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन, जावई खोळंबला असेल म्हणून, भराभरा गेली.

धोंड्याचा तो पहिलाच दिवस होता.