वेशीबाहेरचे मृत

तीन वर्षं भांडून शहीराबाई पार थकल्या होत्या. मध्ययुगातल्या प्लेगचा तो जाडजूड इतिहास. त्यात युरोपला अख्खं घर आणि इजिप्त मात्र उंबऱ्याबाहेर! परदेशी संपादकाशी डोकेफोड करून त्यांनी अखेर इजिप्तचं वेगळं प्रकरण मिळवलं होतं. उद्या ते छापायला जाणार होतं. आता त्यांना फक्त झोप हवी होती.

कैरोतल्या त्यांच्या खोलीत उस्ताद खलफ शेवटची प्रत चाळत होते. ते बाईंचे जुने शिक्षक, दक्षिणेकडच्या असयूतचे. चहात चौथा चमचा साखर ढवळता ढवळता ते साथीच्या नकाशापाशी थांबले.

"पोरी, असयूत पांढरं का गं?"

"पांढरं म्हणजे साथ पोचली नाही."

"असं होय! आम्हा दक्षिणेकडच्या सईदींच्या अकलेवर तुम्ही कैरोवाले रोज विनोद करता. मरायचीही अक्कल नव्हती वाटतं आम्हाला?"

उस्ताद हसले. बाईंना हसू आलं नाही. त्या काळचे बखरकार कैरोच्या वेशींपाशी नमाजाला आलेले जनाजे मोजत. बाईंनी तेवढेच आकडे धरले होते. दक्षिणेत पीक उभं राहिलं, कापायला माणूस उरला नाही, असं त्याच बखरींत लिहिलेलं होतं. पण आकडा नाही म्हणून बाईंनी ते खुशाल सोडून दिलं होतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी स्पीकर चालू करून संपादकाला फोन लावला. "छपाई थांबवा. नकाशा चुकलाय, प्रकरणही नव्यानं लिहावं लागेल."

"बाई, आता थांबवलं तर तुमचं प्रकरण गळेल. पुस्तक उद्या जाणारच. तुमचं पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती निघेपर्यंत आपण असू की नाही, कोण जाणे. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे गं," उस्ताद हळूच म्हणाले. "छापून टाक. आम्हाला सवय आहे."

बाईंनी डोळे उघडले. "मग गळू द्या," त्या फोनवर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उस्ताद ताडकन उठले. "वेड लागलंय का तुला? एका असयूतपायी अख्खा इजिप्त घालवलास!"

"असयूत वगळून अख्खा कुठला, उस्ताद?" बाई म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून पडून राहिल्या.